मावळ्याचं नाक

लहान मूर्ती रंगवायला बसलेल्या नवशिक्याची पहिली तक्रार ठरलेली असते: ब्रश फार जाड आहे. मग तो दुकानात जाऊन तीन शून्यांचा, चार केसांचा ब्रश आणतो, श्वास रोखून मूर्तीचे डोळे काढायला घेतो, आणि रंग ब्रशवरच वाळून जातो. चार केसांवर रंग मावणार तरी किती? टोक चांगलं असलेला एक नंबरचा गोल ब्रश घ्या. त्याच्या पोटात रंग राहतो आणि टोकाने काम होतं. आणि ब्रशपेक्षा महत्त्वाचं म्हणजे रंग पातळ करा. एवढं सांगितलं की खरं तर अर्धा लेख संपला. पण शनिवार आहे, माझा दुसरा चहा झालाय, आणि उरलेला अर्धा जरा घरगुती आहे. तेव्हा बसा.

ज्यांना हा नाद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलावर डोंगर, नदी, घरं मांडायची. दोन्ही बाजूंना इंच-सव्वा इंच उंचीचे शिपाई उभे करायचे, टेपने चाल मोजायची आणि फासे टाकून लढायचं. एच. जी. वेल्सने (हो, तोच टाइम मशीनवाला) १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम बांधून दिले. पुढे १९८३ मध्ये इंग्लंडातच वॉरहॅमर आला आणि शिपाई विकत घेऊन स्वतः रंगवायचे हा जगभर एक वेगळाच उद्योग झाला. मी ह्यात पडलो तिकडे ऑनसाईट असताना. पावसाळी शनिवारी त्या गावात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. परत आल्यावर पुण्यात आम्ही चौघं जमलो. गेल्या वर्षात आमच्या लढाया झाल्या पाच आणि रंगवलेले शिपाई दोनशेच्या वर, ह्यावरून काय ते समजा.

हा नाद आपल्याकडे महागात पडतो आणि नातेवाईकांना समजावून सांगताना घाम फुटतो. पण लहान मूर्ती आपल्याला काही नवीन नाहीत. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी लहानपणी दिवाळीचा किल्ला केला असेल. दगड-विटा रचायच्या, वर पोतं टाकायचं, चिखल लिंपायचा, अळीव नाहीतर मोहरी पेरायची, आणि ती उगवून हिरवळ आली की वर सिंहासनावर महाराज आणि खाली वाटेवर मावळे. वेल्सने नियम लिहिले आणि डोंगराचं काम खेळण्यातल्या ठोकळ्यांवर भागवलं. आपण बरोबर उलटं केलं. डोंगर अस्सल, नियम शून्य. मावळे नुसते उभे. त्यांनी लढावं असं कोणाला वाटतही नाही.

तर आता आमच्या मावळ्यांकडे.

आमचं घर कुरुंदवाडचं. नरसोबाच्या वाडीला गेलात, दत्ताचं दर्शन घेतलंत, बासुंदी घेतलीत आणि परत फिरलात, तर पुलापलीकडे जे गाव राहून गेलं ते आमचं. एकेकाळी पटवर्धनांचं संस्थान, १९४८ साली विलीन झालं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या शेजारी असल्यामुळे माती उत्तम आणि पूर पाचवीला पुजलेला. २००५ चा झाला, २०१९ चा झाला, २०२१ चा झाला. आई बाकीच्या गोष्टींची सालं पुरांवरून मोजते. "ते पुराच्या आधी का नंतर" असं विचारलं तर "कुठल्या?" असं विचारते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी माळ्याला टेकलं. माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले तेवीस मावळे. बाबांनी आमच्या लहानपणी दरवर्षी दोन-तीन करत कोल्हापूरच्या बाजारातून आणलेले. प्लास्टरचे, तळहाताएवढे, काही त्याहून लहान. पाणी डब्यात अर्ध्यापर्यंत शिरलं. खालच्या थरातले चौदा पार पांढरे होऊन बाहेर आले. पोस्टर कलर डिंकासारख्या पदार्थात कालवलेला असतो, तो पाण्यात सुटतो. कितीही वर्षांपूर्वी वाळलेला असला तरी सुटतो. वरचे नऊ मात्र बऱ्यापैकी कोरडे राहिले, बाबांच्या रंगासकट. बाबा तेव्हा नव्हते, त्याच्या आधीच तीन वर्षं गेले होते.

डबा उन्हात वाळवून पुन्हा माळ्यावर गेला. आमच्याकडे कुठलीही गोष्ट टाकून देत नाहीत, वाळवून माळ्यावर ठेवतात. गेल्या दिवाळीत दादाच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, तो काढला. वय वर्षं दहा. त्याने माझे पुण्यातले शिपाई मोबाईलवर पाहिले होते आणि त्याचा हिशेब सरळ होता: काकाला रंगवता येतं, मावळे रंगवायचे आहेत, सुट्टी आहे.

त्याने नऊपैकी एक उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, "काका, ह्याला नाकच नाही."

खरंच नव्हतं. बाबा साखर कारखान्यात हिशेबनीस होते आणि रंगवण्याचा त्यांना मनापासून नाद होता. वसुबारसेच्या आदल्या रात्री जेवणं झाली की वर्तमानपत्र पसरायचं, कॅमलच्या पोस्टर कलरच्या बाटल्या मांडायच्या आणि सगळे मावळे नव्याने रंगवायचे. दरवर्षी. गेल्या वर्षीचा रंग तसाच ठेवून त्याच्यावर. रंग बाटलीतून निघेल तसा, घट्ट, कारण घट्ट रंग एका हातात बसतो आणि दुसऱ्या दिवशी कारखाना असतो. आता प्लास्टरच्या एवढ्या मूर्तीचं नाक चेहऱ्यापासून उठून असतं एक-दीड मिलिमीटर. त्यावर पंधरा-वीस वर्षांचे हात बसले की नाक, भुवई, ओठ सगळं एका पातळीला येतं. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. जुन्या कोडवर दर रिलीजला एक पॅच, आणि मूळ फंक्शन काय करत होतं ते कोणालाच आठवत नाही.

नाक परत हवं असेल तर रंग उतरवायला लागणार होता. पोस्टर कलरचा हाच एक फायदा, कोमट पाण्याने उतरतो. म्हणजे कृती दोन मिनिटांची. आणि पाण्यातून वाचलेल्या नऊ मावळ्यांवरचा बाबांच्या हातचा रंग आम्ही स्वतःच्या हाताने पाण्यात घालवणार.

दादाने ऐकलं आणि तिथल्या तिथे सांगितलं, "धुवायचं नाही. पुरानं ठेवलंय ते तू कशाला घालवतोस? ते चौदा पांढरे आहेत की, ते रंगवा." ह्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पुतण्याकडे होतं. "पण मग त्यांना नाकं आणि ह्यांना नाही, असं होणार." दादा उठून बाहेर गेला. दादा वाद घालत नाही, बाहेर जातो.

आई शेंगा फोडत बसली होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते तरी काय करायचे? आदल्या वर्षीचा रंग आवडला नाही की त्यावर दुसरा. जुना जपून ठेवलेला मी तरी कधी बघितला नाही." आणि पुतण्याला म्हणाली, "बापाला विचारून घे मात्र."

त्याने जाऊन विचारलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परत आला तेव्हा नऊतला एक दादाने मागून घेतला होता, हिरव्या पगडीवर पिवळे ठिपके असलेला भालेवाला. तो त्याने शर्टाच्या खिशात घातला. आठ आमच्याकडे राहिले.

प्लास्टर धुताना घाई करायची नाही. ओलं प्लास्टर मऊ पडतं, नखाने खरवडलं तर रंगाबरोबर मिशीपण येते. दहा-पंधरा सेकंद बुडवायचं, बाहेर काढून जुन्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने फिरवायचं, पुन्हा बुडवायचं. कानाकोपऱ्यात इअरबड. वाडग्यातलं पाणी आधी हिरवं झालं, मग तांबडं, मग निळं, मग परत तांबडं. मध्ये एकदा जांभळं आलं, ते बहुधा १९९४, कारण त्या वर्षी मावशीने पुण्याहून जांभळी बाटली आणली होती. बाकीची सालं लागली नाहीत. आणि तळाला नाक निघालं. चांगलं धारदार, शेंड्याला जरासं वाकडं. पुतण्या म्हणाला, "हा रागावलाय." इतकी वर्षं तो माणूस रागावलेला होता आणि आम्हाला ठाऊक नव्हतं.

दोन दिवस सावलीत वाळवले. उन्हात ठेवायचे नाहीत, तडे जातात. मग एक भाग फेविकॉल आणि चार भाग पाणी असं मिश्रण सगळ्यांवरून फिरवलं. हे प्लास्टरला फार जरुरीचं. प्लास्टर टीपकागदासारखं पाणी पितं. त्यावर थेट रंग लावलात तर ब्रश टेकताच पाणी शोषलं जातं आणि रंग जागच्या जागी गोळा होतो, मग नवशिक्याला वाटतं रंग अजून घट्ट करावा. माझे पुण्यातले शिपाई प्लास्टिकचे, तिथे उलटी अडचण असते, रंग धरतच नाही. म्हणून दोन्हीकडे आधी अस्तर हवंच, कारण मात्र वेगळं.

रंग अॅक्रिलिक घेतले. पोस्टर कलरवर दुसरा ओला हात दिला की खालचा सुटतो, आणि आपण जे पातळ थरांचं काम करणार आहोत ते त्यात जमतच नाही. अॅक्रिलिक एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही. पातळ किती करायचा, तर रंग ताकासारखा हवा, दह्यासारखा नको. अंगठ्याच्या नखावर ओढून बघायचा. नखाची कड खालून दिसली पाहिजे पण रंग ओघळता कामा नये. पहिला हात दिल्यावर मूर्ती भयाण दिसते, डागडागांची. इथे निम्मे लोक धीर सोडतात आणि घट्ट रंगाकडे वळतात. वाळू द्या, दुसरा हात द्या. दोन पातळ हातांत जो सपाटपणा येतो तो एका जाड हातात येत नाही, आणि नाक शाबूत राहतं.

रंग पॅलेटवर वाळू नये म्हणून वाडीच्या बासुंदीचा प्लास्टिकचा डबा घेतला. तळाला ओला रुमाल घडी करून, वर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग तसाच. तिकडे ह्याच्यासाठी लोक खास डबे विकत घेतात. त्यांना बासुंदी मिळत नाही, बिचारे.

आता सावलीचं. इथे मला थोडं खिद्रापूरला जावं लागेल. कुरुंदवाडहून फार लांब नाही, शिरोळ तालुक्यातच, कोपेश्वराचं देऊळ. तिथे बाहेरच्या भिंतीवर ओळीने हत्ती आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात तिथे उभं राहिलं की दगडाला रंगाची गरज का नाही ते कळतं. कोरीव काम इतकं खोल आहे की ऊन स्वतःच सावल्या घालतं. आमच्या मावळ्याच्या अंगरख्याची चुणी जेमतेम एक मिलिमीटर खोल. तिची सावलीही तेवढीच, आणि हातभर अंतरावरून ती डोळ्याला दिसत नाही. म्हणून एकाच पांढऱ्या रंगाने नीट रंगवलेला मावळासुद्धा खडूचा तुकडा वाटतो. मोठ्या मूर्तीत जे काम ऊन करतं ते लहान मूर्तीत रंगाने करावं लागतं. तपकिरी रंगात भरपूर पाणी घालून चहाच्या पाण्याइतका पातळ करायचा, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब (साबणाने पाण्याचा ताण मोडतो, ते चुण्यांत सरळ उतरतं) आणि अख्ख्या मूर्तीवरून सोडायचा. तो आपणहून खळग्यांत जाऊन बसतो. कुठे साचला तर कोरड्या ब्रशने टिपून घ्यायचा. वाळल्यावर जुना, केस फिस्कारलेला ब्रश घेऊन त्याला फिकट रंग लावायचा, तो जवळजवळ सगळा वर्तमानपत्रावर पुसून टाकायचा आणि उरलेला कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. नाकाचा शेंडा, मिशीची कड, पगडीचे पेच, मांडीवरच्या चुण्या. पुतण्याला हे सगळ्यात आवडलं, कारण काहीच न लावता काहीतरी उमटत होतं. "जादूच की ही," म्हणाला आणि थांबेना. त्याला थांबवणं हेही तंत्रच.

रंग कुठले द्यायचे ह्यावर आमची थोडी चर्चा झाली. त्याला सगळे भगवे हवे होते. बाजारात हल्ली तसेच मिळतात, भगवी पगडी, पांढरा अंगरखा, गाजरी गुलाबी कातडी. पण त्या काळी सैन्याला एकसारखा गणवेश नव्हता. ज्याने त्याने घरचं घालायचं. म्हणजे बिनरंगी सुती, नाहीतर नीळ, आल, हळद असल्या झाडापाल्यातून निघणारे रंग, तेही धुऊन उडालेले. आणि उन्हात राबणारा माणूस गुलाबी कसा असेल? जळका तांबूस आणि पिवळी माती हे दोन रंग, त्यात चिमूटभर पांढरा, झाली कातडी. ढाल काळी, तिच्यावर पितळी चार फुल्या, त्या टूथपिकच्या टोकाने टेकवायच्या. जुने कपडे कसे दिसायचे ते बघायला मी त्याला गंगाराम तांबट ह्यांची चित्रं दाखवली. हा पुण्याचा चित्रकार, १७९० च्या दशकात इंग्रज रेसिडेंट मॅलेटसाठी काम करायचा, आणि त्याची चित्रं आता अमेरिकेत येलच्या संग्रहात आहेत. मावळ्यांनंतरचा, पेशवाईचा काळ आहे हे कबूल, पण पागोटं खऱ्या डोक्यावर कसं बसतं ते कळतं. पुतण्याने पागोटं बघितलं न बघितलं आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याच्या चित्रापाशी थांबला. किल्ल्यावर गेंडा ठेवता येईल का, हा प्रश्न अजून निकाली निघालेला नाही.

राहता राहिले डोळे.

माझी पद्धत डोळे आधी काढायची. आधी काढले की बाहेर गेलेला रंग कातडीच्या रंगाने झाकता येतो. शेवटी काढायला गेलात आणि हात हलला तर झालेलं काम मोडतं. सगळ्या जगातले शिपाई रंगवणारे थोड्याफार फरकाने हेच सांगतील. पण पुतण्याला हे पटेना, कारण त्याने कुंभारांच्या गल्लीत अण्णांना पाहिलेलं होतं, आणि अण्णा गणपतीचे डोळे शेवटी काढतात. अंग, पितांबर, दागिने, सोनेरी, सगळं झालं की मग आखणी. आखणीच्या दिवशी शेडमध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही.

मग गेलो अण्णांकडे, दोन मावळे घेऊन. गावातल्या कितीतरी घरांत आणि मंडळांत अण्णांचेच गणपती बसतात. (कुरुंदवाडात गणपती मशिदींतही बसतो, हे बाहेरच्यांना सांगितलं की ते आधी विश्वास ठेवत नाहीत.) दिवाळीच्या आधी शेड मोकळी असते, तेव्हा ते पणत्या आणि लक्ष्म्या करतात. त्यांनी मावळा हातात घेतला नाही. मलाच धरायला सांगितला आणि स्वतः चार पावलं मागे गेले. मग खाली उकिडवे बसले. मग म्हणाले, "कुठनं बघणार हाय माणूस ह्याला?"

मी म्हणालो, किल्ल्यावर.

"ते झालं रे. उभ्यानं का बसून? दिवसा का रातच्याला?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता, आणि लहान मूर्ती रंगवण्याबद्दल मला विचाराल तर हाच पहिला प्रश्न आहे. अण्णांचं गणित सरळ होतं. घरच्या गणपतीला माणूस समोर पाटावर बसून बघतो, तेव्हा नजर सरळ. मंडळाचा गणपती उंचावर, माणूस खालून बघतो, तेव्हा बुबुळं खाली घेतली नाहीत तर देव छताकडे बघत बसतो. नजर कुठे लागणार हे मूर्ती पुरी होऊन उभी राहिल्याशिवाय ठरवता येत नाही, म्हणून डोळे शेवटी. आणि मावळा? तो जमिनीवर, माणूस उभा, दोन हात लांब, वरनं बघणार. "त्याला डोळं कशाला काढतोस? वरनं दिसतंय काय, भुवई आन् तिच्या खालचा अंधार. तेवढा अंधार काढ. मिशी काढ. झाला मावळा."

आम्ही घरी येऊन तसं केलं. भुवईखाली गडद तपकिरी एक रेघ, बस्स. पांढरं नाही, बुबुळ नाही. हातात धरून बघितलं तर अर्धवट वाटतं. जमिनीवर ठेवून उभं राहिलं की तो तुमच्याकडे बघतो. माझ्या पुण्यातल्या दोनशे शिपायांना डोळे आहेत, पांढऱ्यात काळा ठिपका घातलेले, आणि टेबलापाशी उभं राहिलं की सगळे दचकल्यासारखे दिसतात. (त्यांचं काय करायचं ते बघू. दोनशे आहेत.)

अण्णांचा दुसरा प्रश्न, दिवसा का रात्री, त्याचा अर्थ नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी लागला. किल्ला अंगणात, चार पणत्या, बाकी दिवे बंद. पणतीच्या उजेडात निळा रंग जवळजवळ दिसतच नाही. ज्योतीत निळा उजेड फार थोडा असतो, तेव्हा परत यायला काही नसतंच, आणि निळ्या पगडीचे आमचे पाच मावळे थेट काळे झाले. पिवळा आणि पांढरा एकच. हळदीचा अंगरखा कुठला आणि सुती कुठला ते मला, रंगवणाऱ्याला, ओळखू येईना. इतक्या निगुतीने दिलेली तपकिरी सावली तेवढी उरली होती, आणि ती मात्र छान. वाऱ्याने ज्योत हलली की चेहरे हलत होते. आमचे बावीस मावळे बहुतेक सावल्याच झाले होते, त्याबद्दल तक्रार नाही.

दादा संध्याकाळभर आत होता. दिवे लावून झाल्यावर बाहेर आला, खिशातून तो भालेवाला काढला आणि कोणाला न विचारता महादरवाजात उभा केला. आमच्या मातकट बावीसांत तो एकटा हिरवा, पिवळ्या ठिपक्यांचा, नाक नसलेला. पुतण्याने तोंड वाकडं केलं. "मॅच होत नाही," म्हणाला.

होत नव्हताच. पण मी मागे सरकत सरकत अंगणाच्या कठड्यापर्यंत गेलो, तर तिथून आमचे बावीस अंधारात गेले होते आणि दरवाजातल्याची मिशी दिसत होती. बाबांनी ती ब्रशच्या एकाच फटक्यात, जाड, काळी कुळकुळीत ओढलेली, ह्या कानापासून त्या कानापर्यंत. चेहरा सगळा सपाट, त्यामुळे मध्ये काही आडही येत नव्हतं. बाबा दर दिवाळीत किल्ला बघायला ह्याच कठड्यावर बसायचे, चहा घेऊन. आई आता तिथेच खुर्ची टाकून बसली होती. तिला चष्म्याशिवाय लांबचं धड दिसत नाही, आणि चष्मा आत होता. "दारातला तेवढा दिसतोय मला," म्हणाली.

पुतण्या तिच्या खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिला, एक डोळा मिटून किल्ल्याकडे बघितलं, मग दुसरा मिटून बघितलं. नंतर आत जाऊन बासुंदीचा डबा घेऊन आला, बॅटरी माझ्या हातात दिली आणि एक नंबरच्या ब्रशने आमच्या बावीसांच्या मिश्या जाड करायला बसला. काळा रंग पातळ करायला मात्र विसरला नाही. अकरापर्यंत चौदा झाल्या. उरलेल्या पाडव्याला.